राखणीचं पिंप

नळाला पाणी आलं की माझी नातसून आधी कालचं पाणी मोरीत ओतून देते. शिळं झालं म्हणते. जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटात पाणी काही दिवसांआड येतं, गच्चीवर टाक्या, बाथरूममध्ये ड्रम, स्वयंपाकघरात हंडे, आणि तरीही ते शिळं होतं. एकदा मी तिला सुनावलं, पाणी शिळं होत नाही बाई, माणसं शिळी होतात. तेव्हापासून ती मी देवळात गेले की ओतते. पोर वाईट नाही. पण तिच्या त्या बादलीचा आवाज मला ऐकवत नाही, आणि का ऐकवत नाही हे या घरात कुणाला माहीत नाही.

माझे बाबा तांडेल होते, म्हणजे शिडाच्या गलबतावरचे मुख्य. रत्नागिरीच्या बाजूला एका खाडीच्या तोंडाशी आमचं घर. गलबत शेटजींचं, लहानसंच. कौलं, नारळ आणि सुकी मासळी भरून ते मुंबईला न्यायचं आणि येताना धान्य, कापड, रॉकेल आणायचं. बाबांच्या हाताखाली चार खलाशी.

लोक त्यांना वादळाच्या गोष्टी विचारायचे. बाबांना वादळाचं फारसं कौतुक नव्हतं. ते बोलायचे पाण्यावर. पिण्याच्या पाण्यावर. "वादळात मानूस मरतो तो एकदाच मरतो. गोडं पानी संपलं तर दिसभर मरत ऱ्हातो," असं म्हणायचे. तहान लागल्यावर विहीर खणणारी माणसं त्यांना मुळीच आवडत नसत. गलबतावर पाण्याची दोन लाकडी पिंपं असत, एक मोठं आणि एक धाकटं. मोठ्यातलं रोजचं. त्याच्यावर झाकण, झाकणाला दोरी, आणि नारळाच्या करवंटीचा एकच पेला, तोही बाबांच्या कमरेला. पिंपात कुणी हात बुडवायचा नाही. भांडी समुद्राच्या पाण्यानं घासायची. भाताला अर्धं खारं पाणी, अर्धं गोडं, म्हणजे मीठही वाचतं. पाऊस आला तर जुनं शीड ताणून धरायचं. पहिलं पाणी खारट असतं ते सोडून द्यायचं, मग धरायचं.

धाकटं पिंप राखणीचं. त्याचं बूच राळेनं बंद केलेलं असे आणि त्याचा नियम एकच होता. जमीन दिसल्याशिवाय ते फोडायचं नाही. मी एकदा विचारलं, जमीन दिसल्यावर मग त्याचा उपयोग काय? बाबा म्हणाले, "जमीन दिसली तरी पोचायला लागतं की नाय? जमीन दिसली म्हनून लोक असेल नसेल ते पिऊन टाकतात आनि वारा पडतो. म्हनून त्ये तवा फोडायचं. आदी फोडलं तर मग मागं काय ऱ्हातं?"

हा नियम खरा आहे हे मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून पुढचं सगळं सांगणं मला जड जातं. मी सहा-सात वर्षांची असताना आई आणि मी बाबांच्या गलबतावरून मुंबईला निघालो होतो. आईच्या बहिणीचं लग्न होतं. वाटेत वारा पडला. नुसता पडला नाही, पाण्याच्या ओढीनं आम्हाला बाहेर खोल दर्यात नेलं आणि किनारा दिसेनासा झाला. शीड ओल्या धोतरासारखं लोंबत होतं. बाबांनी काठी घालून मोठ्या पिंपाचा तळ बघितला, कुणाला काही सांगितलं नाही, पण पेला अर्धा भरायला लागले. मग त्याच्याही अर्धा. आधी मला, मग आईला, मग खलाशांना, शेवटी स्वतःला. एक खलाशी चिडला. म्हणाला, धाकटं भरलेलं असताना आमचे घसे कशाला सुकवता? बाबा त्या पिंपावर जाऊन बसले. सुकाणू दुसऱ्याच्या हातात दिलं आणि दिवसभर पिंपावरून उठले नाहीत.

मग वारा आला. डोंगराची निळी कड दिसली तेव्हा आधी मीच ओरडले असं आई सांगायची, मला आठवत नाही. मला आठवतं ते बाबांनी सुरीनं राळ खरवडली ते, आणि करवंटी काठोकाठ भरून माझ्या तोंडाशी धरली ते. पाण्याला लाकडाचा वास होता. इतकं चांगलं पाणी मी पुन्हा कधी प्यायले नाही. वारा त्यानंतर दोनदा पडला, आणि बंदराला लागलो तेव्हा धाकट्या पिंपात जेमतेम ओंजळभर उरलं होतं. तो चिडलेला खलाशी बाबांच्या पाया पडला. आमच्या घरात मग बाबांच्या शब्दावर कुणी शब्द टाकला नाही. टाकायला हवा होता. पण कुणी टाकायचा? ज्याच्यामुळे आपण जिवंत आहोत त्याला उलट कसं विचारायचं?

पुढे शेटजींनी गलबत विकलं. आगबोटींनी माल ओढायला सुरुवात केली होती. माझा मामा सोलापुरात गिरणीत होता, त्यानं बाबांना बोलावून घेतलं. दर्यावरचा माणूस गिरणीत काय करणार, असं सगळ्यांना वाटलं. पण गिरणीच्या इंजिनघरात एका मोठ्या चाकावरून जाड सुती दोर वरच्या मजल्यांवर गेलेले असत आणि त्या दोरांवर सगळी गिरणी फिरे. दोर तुटला की तो गाठ न मारता सांधावा लागे, नाहीतर चाकाच्या खाचेत बसत नसे. बाबांचा जन्म दोर सांधण्यात गेला होता. त्यांना लगेच ठेवून घेतलं.

आई इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. गलबत निघालं की तिचे डोळे खाडीकडे लागायचे ते परत येईपर्यंत. चाळीतली खोली मिळाली, सामान लावून झालं, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता मी झोपेन सुखानं. हय कोन बुडत नाय."

त्या सामानात धाकटं पिंप होतं. गलबत विकताना बाबांनी ते मागून घेतलं होतं. आगबोटीनं मुंबई आणि तिथून आगगाडीनं सोलापूर असा त्या पिंपाचा प्रवास झाला. चाळीतल्या बायका बघायला जमल्या. आमच्या शेजारी मंगळवेढ्याकडची एक बाई राहायची, नवरा गिरणीत मागावर. मोठ्या जिभेची, मोठ्या मनाची. ती म्हणाली, "आवो तांडेल, हितं काय दर्या हाय व्हय? चारी अंगानं जमीनच हाय की." सगळ्या हसल्या. बाबाही हसले, आणि पिंप कोपऱ्यात तिवईवर ठेवून नळाच्या पाण्यानं भरून, बूच ठोकून, त्यावर राळ लावून मोकळे झाले.

त्यांचं खरं होतं असं तिसऱ्याच महिन्यात सगळ्यांना कळलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात नळ कधी रुसेल सांगता येत नसे. गावाला पाणी यायचं ते लांबच्या तलावातून, आणि तलाव खाली गेला की नळ नुसता फुसफुसायचा. चाळीतल्या बायका कोरडे हंडे घेऊन धावायच्या तेव्हा आमच्याकडे मोठा रांजण भरलेला, त्यावर झाकण, करवंटीचा पेला, आणि कोपऱ्यात राखणीचं पिंप. शेजारीण बाबांना म्हणाली, "तांडेल, आमी हसलो ते चुकलं बगा." बाबा कुरकुर न करता तिलाही मोजून तांब्या द्यायचे. राखणीच्या पिंपातलं नव्हे. रांजणातलं.

सोलापूरच्या कोरड्या हवेत ते पिंप रिकामं ठेवलं असतं तर फळ्या आकसून फटी पडल्या असत्या. म्हणून ते कायम भरलेलं हवं. दर काही दिवसांनी नळाला धड पाणी असेल तेव्हा जुनं काढून झाडाला घालायचं, नवं भरायचं, पुन्हा राळ. आणि नियम तोच. आईनं चेष्टेनं विचारलं होतं की इथे तुमची जमीन ती कुठली? बाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तलावात पानी आलं अशी खबर येईल, ती जमीन."

धाकटी सोलापुरात झाली. माझी बहीण. तिनं समुद्र कधीच पाहिला नाही. पण बाबांच्या गोष्टी ऐकून ती आमच्या सगळ्यांपेक्षा पक्की दर्यावर्दी झाली होती. त्या पिंपावर बसायची परवानगी चाळीत फक्त तिला होती. बाबा गिरणीतून आले की तिला उचलून पिंपावर ठेवायचे. तिथून दारातून बाहेर गिरणीची चिमणी दिसे. ती डोळ्यांवर हात धरायची आणि मोठ्यानं ओरडायची, "जमीन दिसली!" बाबा विचारायचे, "कुठं?" ती बोट दाखवायची, "ती काय!" बाबा वाकून बघायचे आणि म्हणायचे, "ती चिमनी. जमीन नव्हे." मग ती पायांनी पिंपावर ढोल वाजवत हसायची. रोज हेच. मला त्या वेळी वैताग यायचा. मी बारा वर्षांची झाले होते आणि पाणी भरणं, भांडी घासणं माझ्याकडे होतं. ही मात्र पिंपावर बसून राज्य करत होती. चार वर्षांची राणी.

त्या वर्षीचा उन्हाळा वाईट होता. नळाची धार आधी बारीक झाली, मग थांबली. चाळीच्या मागे एक विहीर होती, सगळी वस्ती तिच्यावर आली. त्यातच गावात पटकीची साथ लागली. आज त्याला कॉलरा म्हणतात, आम्ही पटकी म्हणायचो, आणि मोठ्यानं म्हणायचो नाही. सकाळी हसत असलेलं माणूस संध्याकाळी नसायचं. मग वस्तीतल्या विहिरींत औषध टाकायला एक माणूस येऊ लागला. डब्यातून काळपट खडे काढून बादलीत कालवायचा आणि विहिरीत ओतायचा, की विहीर जांभळी-लाल. लोक त्याला लाल औषध म्हणत. पाण्याला तुरट, लोखंडासारखी चव यायची. शेजारीण कपाळावर हात मारायची, "दातं रंगत्यात की ह्या पान्यानं. पर करता काय." तिनं शिव्या दिल्या आणि प्यायली. तिच्या पोरांनी तोंडं वाकडी केली आणि प्यायली.

बाबांनी त्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं. आधी वास घेतला, मग थोडं जिभेवर धरलं. ते पाणी असं बघायचे की आई म्हणायची, सोनाराला सोनं दाखवा आणि ह्यांना पाणी. गलबतावर दर बंदराला ते असंच चाखून ठरवायचे कुठलं भरायचं. त्यांचा अंदाज कधी चुकला नव्हता. त्यांनी ते थुंकलं. "नासलं ह्ये," म्हणाले. "पिंपात खिळा गंजला की असं होतं. माज्या पोरी ह्ये पिनार नायत."

औषधाचा माणूस म्हणाला, "अहो, औषध आहे ते. साथीचं." बाबांनी त्याच्याकडे, ज्यानं समुद्र पाहिला नाही अशा माणसाकडे बघावं तसं बघितलं.

सुट्टीच्या दिवशी ते उन्हातान्हात विहिरी चाखत हिंडले. एका ठिकाणी खारट, एका ठिकाणी गढूळ, एका ठिकाणी पुन्हा लाल. शेवटी वस्तीच्या बाहेर एका मळ्यात त्यांना हवी तशी विहीर सापडली. मळ्याच्या मालकानं औषध टाकू दिलं नव्हतं. म्हशी ते पाणी पीत नाहीत म्हणे. बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या तोंडावर दिवाळी होती. आईला म्हणाले, "आपल्या खाडीवरच्या झऱ्यासारखं गो. गोडं. निखळ."

मळा लांब होता. आई आणि मी डोक्यावर घागरी घेऊन जायचो. त्या विहिरीचं पाणी खरंच फार सुरेख होतं, गार, स्वच्छ, तळाचा दगड दिसावा असं. आईला त्याचा अभिमान होता. चाळीत ती सांगायची की आमच्याकडे लाल पाणी चालत नाही. शेजारीण म्हणायची, "तुमचं बरं हाय बाई, घरात पान्याचा वैद्य हाय." त्यात टोमणा होता, पण थोडा हेवाही होता, आणि आईला तो हेवा आवडला होता. कोकणातून आलेल्या परक्या बाईला चाळीत मान मिळावा असं दुसरं होतं काय?

एकदा मात्र तिनं विचारलं. मी तिथेच होते. चालून चालून तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. ती बाबांना म्हणाली, "धाकटीपुरतं ह्या पिंपातलं काढू या काय? भरलेलं हाय. नळाचंच हाय. माझी एक खेप वाचंल."

बाबा चिडले नाहीत. समजावून सांगावं तसं म्हणाले, "विहीर चालू हाय तवर पिंपाला हात कशाला? विहीर आटली, मग काय करशील? जमीन दिसू दे."

धाकटी पिंपावरच बसली होती. ती लगेच ओरडली, "जमीन दिसली!" आणि आम्ही सगळे हसलो. आईही हसली. तिनं घागर उचलली आणि आम्ही मळ्याकडे निघालो.

पुढचं मी थोडक्यात सांगते. धाकटीला पहाटे उलट्या सुरू झाल्या. बाबा गिरणीला गेले तेव्हा आम्हाला वाटलं, काहीतरी बाधलं असेल. भोंगा झाला, ऊन वर आलं, आणि तिचे डोळे खोल गेले. तिच्या हातांची बोटं म्हातारीच्या बोटांसारखी सुरकुतली. असं इतक्या लवकर होतं हे मला माहीत नव्हतं. ती पाणी मागत होती. त्या काळी पटकीच्या माणसाला पाणी द्यायचं नाही अशी पद्धत होती. दिलं की जुलाब वाढतात म्हणत. शेजारीण आली, तिनं आपल्या पोरांना लांब पाठवलं आणि स्वतः मात्र आत येऊन बसली. तीसुद्धा म्हणाली, "घोटभर बी देऊ नका बाई." आईनं ओला फडका तिच्या ओठांवर ठेवला. धाकटी तो फडका चोखत होती. आई भिंतीकडे तोंड करून बसली आणि मला म्हणाली, "बाबांना आन."

मी गिरणीच्या दारात पोचले तेव्हा पहारेकऱ्यानं मला आत सोडलं नाही, पण आत निरोप दिला. बाबा हातातला दोर टाकून आले. चाळीपर्यंत ते माझ्यापुढे धावत होते आणि मला वाटत होतं की बाबा पोचले की सगळं ठीक होणार. वारा पडला होता तेव्हाही मला असंच वाटलं होतं.

त्यांनी तिला बघितलं. मग कोपऱ्यात गेले, सुरी घेतली आणि पिंपाची राळ खरवडायला लागले. शेजारीण म्हणाली, "तांडेल, पानी देऊ नका." त्यांनी ऐकलं नाही. बूच निघालं. त्यांनी करवंटी काठोकाठ भरली आणि धाकटीला मांडीवर घेऊन तिच्या तोंडाशी धरली.

"बाय माजे," ते म्हणाले, "जमीन दिसली गो. पी."

तिचा घसा बसला होता. आवाज असा आला की मला तो तिचा वाटलाच नाही. पण खेळ तिला पाठ होता. ती म्हणाली, "कुठं?"

बाबांनी करवंटी तिच्या ओठांना टेकवली.

ती प्यायली. ओकली, पुन्हा मागितलं, पुन्हा प्यायली. त्यांनी मोजलं नाही. तिला हवं तितकं दिलं. उन्हं कलायच्या आत ती गेली. पिंपात पाणी पुष्कळ उरलं होतं, आणि तिला अंघोळ घालायला तेच घेतलं.

आई रडली नाही. धाकटीला अंघोळ घालून झाल्यावर तिनं बाबांकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "पानी गोडं होतं ना?"

एवढंच. पुन्हा तिनं हे आयुष्यात काढलं नाही. मला वाटतं, ती ओरडली असती, कपाळ फोडून घेतलं असतं तर बाबांना सोसलं असतं.

औषधाचा माणूस दोन दिवसांनी आला तेव्हा शेजारणीनं त्याला सांगितलं. मळ्याचं नाव ऐकून त्यानं डबा खाली ठेवला. मग म्हणाला की त्या विहिरीच्या वर, ओढ्यात, आजाऱ्यांची धुणी धुतात. असलं चवीला कळत नाही, म्हणाला. बाबा दारात उभे होते. समुद्रावर त्यांना एकच वैरी माहीत होता, मीठ. मीठ जिभेला कळतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की जमिनीवरचं पाणी गोड असूनही माणूस मारतं. किंवा सांगितलं होतं, आणि सांगणाऱ्यानं समुद्र पाहिला नव्हता. तेच पाणी आईही प्यायली होती, मीही प्यायले होते. आम्ही का राहिलो आणि ती का गेली, हे मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. शेजारणीची तिन्ही पोरं लाल पाणी पिऊन, तोंडं वाकडी करून, धडधाकट राहिली. मी त्यांचा पुष्कळ दिवस राग केला. पोरांचा काय दोष?

पिंप रिकामं झालं ते झालंच. पावसाळ्यात तलाव भरला, तशी खबर आली, नळ धो धो वाहू लागले. बाबा पिंप घेऊन नळावर निघाले तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. बाबांनी ते परत कोपऱ्यात ठेवलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फळ्या आकसल्या, फटींतून पलीकडची भिंत दिसायला लागली. एका दुपारी आम्ही जेवत असताना फळ्यांना आवळणारं वरचं कडं आपोआप खाली घसरलं आणि सगळं पिंप फळी फळी होऊन पसरलं. कुणी जेवण थांबवलं नाही. आईनं त्या फळ्या नंतर उचलल्या आणि अंघोळीच्या पाण्याला चुलीत घातल्या. वर्षानुवर्षं पाण्यात मुरलेलं लाकूड ते, लवकर पेटेना.

त्याच उन्हाळ्यात लाल औषध पुन्हा आलं. विहिरीवर बायकांची कुरकुर सुरू झाली, पोरं नको नको करायला लागली. बाबा त्या दिवशी घरी होते. ते विहिरीवर गेले, पोहरा ओढला आणि ते जांभळं पाणी सगळ्यांसमोर करवंटी भरून प्यायले. चेहऱ्याची सुरकुती हलली नाही. मग चाळीतल्या एकेका पोराला जवळ बोलावलं, काठोकाठ पेला भरला आणि ते पिऊन होईपर्यंत समोर उभे राहिले. शेजारीण पदर डोळ्यांना लावून आत गेली. आईही दारातून हे बघत होती. मला वाटलं, आता ती काही बोलेल. ती चुलीकडे वळली.

आणि एक झालं. तेव्हापासून बाबांनी आपल्या जिभेवर विश्वास ठेवून पाण्याचा एक घोट घेतला नाही. ज्या माणसाच्या कमरेला सगळ्या गलबताचा पेला असायचा, तो आता तांब्या हातात घेऊन आईकडे बघायचा. आई मान हलवायची, मग ते प्यायचे. पंगतीत असो, पाहुण्यांकडे असो. आई जवळ नसेल तर तहानलेले राहायचे. लोकांना ते बायकोच्या मुठीतले वाटायचे आणि लोक चेष्टा करायचे. आईनं मान हलवायला कधी वेळ लावला नाही. मी मात्र आतून धुमसत असायचे. वाटायचं, आई इतक्या सहज कशी मान हलवते? रोज, दिवसातून इतक्या वेळा? मला ते जमलं नसतं. धाकटी माझी बहीण होती, मी तिच्यावर वैतागत असे, आणि ती मला पुन्हा कधी मिळाली नाही.

बाबा आईच्या मागे काही वर्षं जगले. ते माझ्याकडे राहायला आले तेव्हा माझीच पोरं मोठी झाली होती. पहिल्या दिवशी जेवताना मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी तो उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबले. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्या घरी नळाचं पाणी होतं, उकळलेलं, गाळलेलं, त्यात काही नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मला वेळ लागला. ते तांब्या धरून थांबले होते, तांब्या कलून पाणी थोडं ताटात सांडलं. मग मी मान हलवली आणि ते प्यायले.